पारा चारवर, कलम गुडघ्याएवढं

निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 4 अंशांवर आल्याची बातमी सकाळी मोबाईलवर फिरते, तोवर जे व्हायचं ते रात्रीच होऊन गेलेलं असतं. त्यात हा आकडा जमिनीपासून चारेक फूट उंचीवरच्या तापमापकाच्या पेटीतला. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून दोन-तीन अंशांनी, कधी जास्तही गार असते. यंदाच्या पावसाळ्यात लावलेलं केसर आंब्याचं कलम नेमकं त्याच हवेत उभं असतं. 2018 च्या डिसेंबरअखेर निफाडचा पारा 2 च्याही खाली गेला होता. मोठं झाड असा कडाका सोसून जातं. पहिल्या दोन हिवाळ्यांतलं कलम शेंड्यापासून करपत येतं.

संध्याकाळी आभाळ बघा. ढग असतील किंवा वारा वाहत असेल तर निवांत झोपा. आभाळ स्वच्छ, पान हलत नाही आणि दिवस बुडताच गारठा झोंबायला लागला, की ती रात्र धोक्याची. गार हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि ओढ्याकाठच्या खोलगट तुकड्यात साचते. हाताशी माणसं कमी असतील तर आधी तिथली कलमं सांभाळा.

सगळ्यात स्वस्त उपाय पाण्याचा. ओली, घट्ट बसलेली जमीन दिवसा ऊन साठवते आणि रात्री ऊब सोडते. भुसभुशीत कोरडी माती तसं करत नाही. म्हणून थंडीची लाट सांगितली असेल तर त्या आठवड्यात खुरपणी, वखरणी नको. तण मात्र आधीच काढलेलं असावं. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं द्या, शेततळ्याचं थंडगार असतं. ठिबकने जेमतेम वीतभर जागा भिजते, तेव्हा जमलं तर आळं भरून द्या. दिवसाची लाईट असेल तर दुपारीच उरका. रात्रपाळीची असेल तर एकट्याने जाऊ नका, गोदाकाठच्या उसात बिबट्या आहे हे तुम्हाला सांगायला नको.

कलमावर खोपी करा: तुराट्या, उसाचं पाचट, बाजरीचं सरमड, जे घरचं असेल ते. तीन बाजू आणि माथा झाका, आग्नेयेची बाजू उघडी ठेवा म्हणजे सकाळचं ऊन आत येतं. वाळवी लागते, अधूनमधून बुडाशी हात घालून बघा. प्लॅस्टिकचा कागद पानांना टेकला तर टेकलेलं पान हमखास जळतं. त्यापेक्षा जुनं गोणपाट बरं, पण ऊन वर आलं की काढायचं. कलमाच्या जोडाभोवती, म्हणजे केसरची काडी खालच्या खुंटाला जोडलेली असते तिथे, गोणपाटाची पट्टी गुंडाळा. काळ्या रानात जोड मातीत गाडू नका, कुजतो.

शेकोटीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. नुसत्या धुराने हवा फारशी तापत नाही, उपयोग होतो तो जाळाचा. एक मोठा ढीग पेटवला तर ऊब सरळ वर निघून जाते. बागेत पसरून लहान लहान दहा केल्या आणि पहाटे तीन-चारपासून सूर्य वर येईपर्यंत पेटत्या ठेवल्या, तर फरक पडतो. कलमापासून लांब ठेवा. टायर जाळू नका.

युरिया देणं आता बंद करा. डिसेंबरात फुटलेली कोवळी पालवी पहिली मरते.

एवढं करूनही पानं काळी पडली, तर कात्री लावायची घाई करू नका. करपलेला पाला खालच्या डोळ्यांवर, म्हणजे फुटीच्या कोंबांवर, पांघरुणासारखा राहतो, आणि छाटणीने फुटलेली नवी पालवी पुढच्या गारठ्यात सापडते. होळीपर्यंत थांबा. मग नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसेल तिथवर झाड जिवंत आहे. त्या हिरव्यात छाटा आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. पानं गेलेली असल्याने तोवर पाणीही बेतानेच द्या.

फूट जोडाच्या वरून आली तर केसर वाचलं. जोडाच्या खालून आली तर तो गावरान खुंट, त्याला केसर लागणार नाही. पण उपटू नका, मूळ बसलेलं आहे. चांगला एक फुटवा ठेवून पावसाळ्यात त्यावर जागेवरच पाचर कलम (फुटव्याला चीर देऊन त्यात केसरची काडी बसवणं) करून घ्या.