संस्थेतून टेरिअरचं पिल्लू दत्तक घेताना: घर, माणसं आणि पहिल्या महिन्यांची तयारी

खरेदी शेवटी करा. पहिलं काम म्हणजे प्रत्येक खोलीत जमिनीवर पालथं पडून, पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घर बघणं. टेरिअर जातीच्या कुत्र्यांची कित्येक पिढ्यांची निवड उंदीर-घुशी मारण्यासाठी आणि बिळात शिरून जनावर बाहेर काढण्यासाठी झाली आहे. त्यामुळे आठ आठवड्यांचं पिल्लूसुद्धा फट दिसली की नाक घालतं, नाक गेलं की डोकं घालतं, आणि डोकं गेलं की अंग जातंच. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मागची जागा, सोफ्याच्या तळाचं फाटलेलं अस्तर, बाल्कनीच्या गजांमधलं अंतर, फाटकाखालची मोकळी जागा हे सगळं तपासा. तीन बोटं आडवी शिरतील एवढी फट बुजवायलाच हवी. चार्जरच्या वायरी वर बांधा, कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण बसवा, औषधं आणि चपला कपाटात ठेवा.

उंदीर मारायचं औषध घरात, गच्चीवर, जिन्याखाली, आवारात कुठेही टाकलेलं असेल, तर पिल्लू येण्याआधी ते पूर्ण उचला. शेजाऱ्यांनाही विचारा. टेरिअर आमिष खातोच, शिवाय विष खाल्लेला उंदीरही पकडून खाऊ शकतो. रक्त गोठू न देणाऱ्या विषांची लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात, म्हणून ‘पिल्लू तर मजेत खेळतंय’ यावर विसंबून थांबू नका. पाकिटाचा फोटो घ्या आणि लगेच डॉक्टर गाठा. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंग गम यांची जागाही वरच्या फळीवर. झायलिटॉल कधीकधी पीनट बटरमध्येही असतं, लेबल वाचा.

अंगण असेल तर कुंपण उंचीपेक्षा बुडाशी जास्त बघा. नुसती जाळी उभी पुरण्यापेक्षा, तिचा खालचा ३० ते ४५ सेंटीमीटरचा भाग आतल्या बाजूला काटकोनात वळवून जमिनीवर पसरा आणि वर माती किंवा दगड टाका. कुत्रा कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरतो, तिथे पंजा जाळीला लागला की मागे सरून दुसरीकडून सुरुवात करायचं त्याला सहसा सुचत नाही. पण उकरण्याची हौस कुठेतरी भागायला हवी, नाहीतर ती कुंड्यांत आणि गादीत भागते. साधारण एक मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल असा वाळू-मातीचा खड्डा किंवा पेटी करून द्या. सुरुवातीला खेळणी अर्धी वर दिसतील अशी पुरा, मग हळूहळू खोल. अंगण नसेल तर मोठ्या खोक्यात जुन्या कापडाच्या पट्ट्या भरून तळाशी रोजच्या खाण्यातले थोडे दाणे टाकले तरी चालतं. ‘उकरू नको’ शिकवण्यापेक्षा ‘इथे उकर’ शिकवणं टेरिअरच्या बाबतीत कितीतरी सोपं आहे.

घरात ससा, हॅम्स्टर किंवा पक्षी असेल तर निर्णय आधीच घ्या. वेगळी खोली, कडी लागणारं दार, आणि कुत्रा व तो प्राणी कधीच एकत्र मोकळे नाहीत, ही व्यवस्था कायमची. लहानपणी ओळख करून दिली म्हणजे पुढे भरवसा ठेवता येतो, असं समजू नका. मांजर असेल तर तिला उंचावर पळून बसता येईल अशा जागा प्रत्येक खोलीत हव्यात.

आता माणसं. सगळ्यांनी एकत्र बसून शब्द ठरवा: ‘खाली’ म्हणजे सोफ्यावरून उतर की जमिनीवर बस, हे घरात चार जणांचं चार असलं की पिल्लू काहीच शिकत नाही. सकाळी सहाला कोण उठणार, दुपारी घरी कोण असणार, रात्री बाहेर कोण नेणार, हे नावानिशी लिहा. मुलांसाठी नियम मोजकेच, पण न बदलणारे: झोपलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही, खाताना जवळ जायचं नाही, त्याच्या अंथरुणात शिरायचं नाही, आणि त्याला उचलून फिरायचं नाही. मुलांनी जमिनीवर मांडी घालून बसावं आणि पिल्लानं आपणहून मांडीवर यावं. टेरिअर पिल्लं हातातून सुळकन निसटतात, आणि लहान जातींच्या पिल्लांचे पुढचे पाय कंबरेइतक्या उंचीवरून पडूनही मोडतात. पळणाऱ्या पायांमागे पिल्लू लागलं, तर मुलांनी हात छातीशी घेऊन जागीच उभं राहायचं. ओरडत पळालं की खेळ आणखी रंगतो. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला पिल्लासोबत एकटं सोडायचं नाही, दोन मिनिटंही नाही.

संस्थेत विचारायचे प्रश्न लिहून न्या. आई सोबत होती का? किती आठवड्यांचं असताना आईपासून तुटलं? कोणती लस, कोणत्या तारखेला? जंताचं औषध कधी आणि कोणतं? सध्या काय खातं, किती ग्रॅम, किती वेळा? कशावर शी-शू करतं: सिमेंट, कागद की माती? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. सिमेंटच्या पिंजऱ्यात वाढलेलं पिल्लू घरात फरशी शोधतं आणि गवतावर नुसतं उभं राहतं. अशा वेळी तिथला वापरलेला कागदाचा तुकडा मागून आणा आणि घरी ठरलेल्या जागी मातीवर ठेवा. भावंडांची जोडी देऊ केली तर आमचं मत स्पष्ट आहे: एकच घ्या. दोघं एकमेकांतच रमतात, माणसाकडे लक्ष देत नाहीत, आणि टेरिअरमध्ये वयात आल्यावर अशा जोडीची भांडणं खरोखर रक्तबंबाळ होतात.

वय नक्की माहीत नसेल तर तोंडात बघा. आठ आठवड्यांपर्यंत दुधाचे २८ दात आलेले असतात. समोरचे पटाशीचे दात साधारण १२ ते १६ आठवड्यांत पडून कायमचे येऊ लागतात, सुळे पाचव्या-सहाव्या महिन्यात, आणि सातव्या महिन्याच्या आसपास ४२ दात पूर्ण होतात. वय कळलं की लसींचा हिशेब जुळतो. पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार), डिस्टेंपर आणि हिपॅटायटिस या विषाणूंच्या आजारांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर. एवढ्या वेळा का, तर आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्फळ करते, आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. शेवटचा डोस चुकला तर आधीचे सगळे वाया गेलेले असू शकतात. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर, डॉक्टर सांगतील तेव्हा. जंताचं औषध आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, तेही वजन करूनच. काही गोलकृमी मुलांनाही होतात, म्हणून शी लगेच उचला आणि हात धुवा.

घरी आणल्यावर दोन दिवसांत डॉक्टरांकडे न्या, सोबत ताजी शी छोट्या डबीत. कातडीखाली ओळखीची चिप आहे का ते स्कॅनरनं बघायला सांगा. क्रमांक १५ आकडी असतो, तो तुमच्या नावावर नोंदवून घ्या. खाज असेल तर कातडी खरवडून तपासणी हवी, कारण खरजेचा एक प्रकार माणसांना लागतो आणि दुसरा लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. केस गोल चकत्यांनी गेले असतील तर गजकर्णाची शंका घ्या, तेही मुलांना होतं. घरात दुसरा कुत्रा असेल तर १४ दिवस खोली, भांडी, अंथरूण सगळं वेगळं. घरात याआधी पार्व्होचा कुत्रा होऊन गेला असेल तर हे आवर्जून सांगा. तो विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो. फरशी आधी साबणानं धुऊन, मग एक भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. मळावर थेट ब्लीच ओतून उपयोग नसतो. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनचं पिसवांचं औषध मांजर असलेल्या घरात आणू नका, मांजराला ते विष आहे.

खरेदी खरं तर थोडीच आहे. क्रेट, म्हणजे झोपायचा दार असलेला पिंजरा, असा की पिल्लू उभं राहील, वळेल, पाय पसरून झोपेल, त्याहून मोठा नको. मोठा घेतलाच तर मधे आडवा अडसर लावा. दोन वाट्या, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा, एन्झाइमचा फरशी-क्लीनर (अमोनियाचा नको, त्याचा वास लघवीसारखा येतो आणि पिल्लू परत तिथेच जातं), दोरीचं खेळणं, पोकळ रबरी खेळणं. चावायची वस्तू अंगठ्याच्या नखानं दाबून बघा, खाच पडत नसेल तर ती दात मोडेल इतकी टणक आहे. चींचीं आवाजाची खेळणी नजरेसमोर असतानाच द्या. टेरिअर खेळणं तोंडात धरून मान झटकतो, पायाखाली दाबतो आणि दहा मिनिटांत आतली शिट्टी उकरून गिळतो.

गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही घ्या. टेरिअरची मान डोक्याइतकीच रुंद असते, आणि घाबरलेलं पिल्लू मागे रेटा देऊन गळ्यातल्या पट्ट्यातून क्षणात सुटतं. पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठा धोका हाच, आजारपणाहूनही. म्हणून फोन नंबरचा बिल्ला संस्थेच्या दारातच गळ्यात घाला, दोरी हार्नेसला आणि एक छोटा दुवा पट्ट्याला असं दोन ठिकाणी बांधा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच ढील.

पहिला दिवस कंटाळवाणा जाऊ द्या. पाहुणे नाहीत, आंघोळ नाही, फोटोंसाठी हातोहात फिरवणं नाही. आल्याबरोबर शी-शूची जागा, मग एक खोली, मग झोप. पिल्लं दिवसाचे १८ ते २० तास झोपतात. संध्याकाळी वेड्यासारखं चावणारं पिल्लू बहुतेक वेळा दमलेलं असतं, त्याला खेळ नको, अंधारी शांत जागा हवी. क्रेट पहिले काही दिवस तुमच्या पलंगाशेजारी. रात्री कुईकुई केली तर दोरी लावून बाहेर, काम झालं की न बोलता परत.

खाणं पहिले चार-पाच दिवस संस्थेतलंच, आणि मग सात ते दहा दिवसांत पाव, अर्धा, पाऊण असं नव्यावर. एकदम बदलल्यास जुलाब हमखास होतात, आणि मग ते अन्नाचे, जंताचे की पार्व्होचे हेच कळत नाही. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन वेळा. अगदी लहान चणीच्या पिल्लानं एक जेवण टाळलं आणि ते डुलायला, थरथरायला लागलं, तर रक्तातली साखर उतरली असू शकते. हिरड्यांना मध चोळा आणि तसंच उचलून दवाखान्यात न्या. हिरड्या गुलाबी हव्यात. बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे. गुदद्वारातून मोजलेलं ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस तापमान हे नेहमीचं, तो ताप नव्हे. उलटी आणि रक्ताची शी एकत्र दिसली की सकाळची वाट बघायची नाही.

संडासाची सवय घड्याळावर लागते: उठल्यावर, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, खेळाच्या मधेच. दिवसा धरून ठेवण्याची मर्यादा ढोबळमानानं वयाचे महिने अधिक एक, एवढे तास. बक्षीस तिथल्या तिथे द्यायचं, घरात परतल्यावर नाही, नाहीतर ते घरात येण्याचं बक्षीस ठरतं. एक अपवाद ध्यानात ठेवा: घाणीतच डांबून ठेवलेल्या पिल्लाची अंथरूण स्वच्छ ठेवायची उपजत सवय मोडलेली असते. ते क्रेटमध्येच शी करून वर झोपतं. त्याला क्रेटमध्ये कोंडून शिकवता येत नाही, उघडी छोटी जागा आणि तासाभराची फेरी हाच मार्ग.

उपाशी राहिलेल्या पिल्लांत वाटीची राखण लवकर दिसते. गुरगुर नंतरची गोष्ट. आधी खाण्याचा वेग वाढतो, मान वाटीवर खाली जाते, अंग ताठरतं आणि डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो. तिथेच थांबा. वाटी काढून घेऊन ‘मालक कोण’ दाखवायला गेलात की पुढच्या वेळी ते आधीच चावेल. उलट, दोन मीटरवरून जाता जाता वाटीतल्यापेक्षा चांगला घास टाका आणि पुढे निघून जा. पिल्लू तुम्हाला बघून शेपूट हलवू लागलं की अंतर पावलापावलानं कमी करा. चोरलेल्या मोज्यासाठीही हेच: जबडा उघडायचा नाही, अदलाबदल करायची. मारणं, मानगूट धरणं, उताणं पाडणं यांनी टेरिअर दबत नाही, पेटतो.

ओळखीपाळखीचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा, आणि लसी संपतात सोळाव्यात. म्हणून लस पूर्ण होईपर्यंत घरात कोंडून ठेवणंही चूक. पिशवीत किंवा कडेवर घेऊन रहदारी, छत्र्या, दाढीवाली माणसं, व्हीलचेअर, कुकरची शिट्टी दाखवा. अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर मात्र ठेवू नका. पंजे, कान, हिरड्या रोज हाताळा. एकटं राहण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात, दार ओढून अर्ध्या मिनिटापासून. पांढऱ्या पिल्लांत जन्मजात बहिरेपणा जास्त आढळतो, म्हणून अशा पिल्लाच्या पाठीमागे, त्याला हवेचा झोत लागणार नाही अशी टाळी वाजवून ऐकू येतंय का बघा.

चार ते अकरा महिन्यांच्या दरम्यान मागचा पाय लंगडू लागला तर ‘मुरगळला असेल’ म्हणून सोडू नका. लहान टेरिअरमध्ये मांडीच्या हाडाचं डोकं झिजण्याचा विकार याच वयात दिसतो, एक्स-रे हवा. सहाव्या महिन्याच्या सुमारास आणखी एक बदल येतो: हाक मारल्यावर धावत येणारं पिल्लू एकाएकी बहिरं झाल्यासारखं वागतं, कारण आता खार दिसली की कान बंद होतात. पाच ते दहा मीटरची लांब दोरी यासाठीच आधी आणून ठेवायची. ती फक्त हार्नेसला लावा, गळ्याला कधीच नाही, आणि कुंपण नसलेल्या मैदानात वर्ष उलटेपर्यंत तरी सोडू नका.