व्हेनिअर बसवण्याआधी

दात नुसते पिवळे असतील तर व्हेनिअरची (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायच्या पातळ कवचाची) घाई नको. डेंटिस्टने मापाचा ट्रे करून दिला की १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड जेलने २-३ आठवड्यांत रंग उजळतो. मग बाँडिंगआधी, म्हणजे दातावर काही चिकटवण्याआधी, २ आठवडे थांबाच. जेलमुळे दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला (चिकटवणाऱ्या द्रव्याला) नीट घट्ट होऊ देत नाही आणि कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) निघून येतं. तुटका कोपरा, बारीक फट कंपोझिटने बहुधा एकाच बैठकीत भरते. पोर्सिलेनच्या व्हेनिअरसाठी साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) घासतात, ते परत येत नाही. डेंटिनपर्यंत (इनॅमलखालच्या थरापर्यंत) घासलं तर पकड कमकुवत होते. शेड (रंगछटा) दात ओले असतानाच, दिवसाउजेडी ठरवा. झोपेत दात खात असाल तर नाइट गार्ड (रात्री दातांवर घालायचं संरक्षक कवच) हवाच. नवी मुंबईत नेरूळ, खारघर, कामोठ्यात दंत महाविद्यालयं आहेत. दुसरं मत तिथे घेता येतं.