आठवीच्या वर्गाचं इंग्रजी तपासताना: सीमाभागातल्या नव्या शिक्षकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हायस्कुलात इंग्रजीचा शिक्षक म्हणून रुजू झालात की जूनमध्ये हातात आठवीचा वर्ग येतो. एका बाकावर सरकारी मराठी शाळेतून सातवी करून आलेला मुलगा, शेजारी घरी मराठी पण सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली मुलगी, मागे घरी कन्नड बोलणारे दोघे आणि कोपऱ्यात एखादं कॉन्व्हेंट सोडून आलेलं पोर. जुन्या गुणपत्रिकेत इंग्रजीचे गुण मात्र सगळ्यांचे जवळपास सारखेच. त्या गुणांवर विसंबून थेट पहिला धडा उघडू नका, आधी कोणाला किती इंग्रजी येतं याची स्वतः एक चाचणी घ्या. फळ्यावरून उतरवून घेतलेली प्रश्नोत्तरं पाठ करून मिळालेले ते गुण असतात. त्यातून मुलाची स्मरणशक्ती कळते, इंग्रजी कळत नाही.

म्हणून पहिली अट ही, की चाचणीत पाठ्यपुस्तकातलं एकही वाक्य नको आणि बाजारातल्या गाईडमधला एकही निबंध नको. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या बोर्ड परीक्षेला, मराठी माध्यमाची बहुतेक मुलं इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून देतात, 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत. त्या पेपरात पाठ कविता लिहिणं असतं, तसंच चित्रवर्णन, मुद्द्यांवरून गोष्ट, पत्र असे स्वतःच्या डोक्यातून लिहायचे प्रश्नही असतात. आठवीत पाठांतरावर तरलेलं मूल दहावीत या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांवर अडकतं.

सुरुवात वाचनापासून करा, आणि ती एकेकाला जवळ बसवून. चार पायऱ्यांचं एक पान तयार करा: दहा अक्षरं, दहा शब्द, पाच छोटी वाक्यं आणि शेवटी 60 शब्दांचा उतारा. अक्षरांत छोट्या लिपीतली बी-डी आणि पी-क्यू ही जोडी हवीच. आठवीतही ती उलटी वाचणारी मुलं भेटतात, आणि मोठ्या लिपीत ती गडबड दिसत नाही. शब्दांत केवळ कॅट-बॅट नको. शिप, ट्रेन, नाइट असे जोडाक्षराचे आणि न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांचे शब्दही घाला. दहापैकी आठ जमले की पुढच्या पायरीवर न्या. नाही जमले तर तिथेच थांबवा, उतारा पुढे करून मुलाला लाजवू नका.

उतारा वाचताना घड्याळ लावा, पण मुलाला दिसेल असं ठेवू नका. गाळलेला शब्द, भलताच वाचलेला शब्द आणि तीन सेकंद थांबूनही न आलेला शब्द, या तिन्ही चुका. तीन सेकंदांनंतर शब्द तुम्ही सांगा आणि पुढे जाऊ द्या. स्वतःहून दुरुस्त केलेला शब्द चूक धरायचा नाही. बरोबर वाचलेल्या शब्दांना 60 ने गुणून लागलेल्या सेकंदांनी भागलं की मिनिटाचा वेग मिळतो. 60 शब्दांत 8 चुका आणि 80 सेकंद लागले, तर 52 गुणिले 60 भागिले 80, म्हणजे मिनिटाला 39 शब्द. इतक्या सावकाश वाचणारं मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. त्याला आकलनाचे प्रश्न सोडवायला लावून उपयोग नाही, आधी वाचन मोकळं करावं लागतं.

इथे नवा शिक्षक हमखास एक चूक करतो: उच्चाराला चूक धरतो. एगला येग म्हणणं, ओल्डला वोल्ड म्हणणं, बसच्या शेवटी हलकासा उकार लावणं ही या भागाची बोलण्याची ढब आहे. कन्नड घरातल्या मुलांत ती जास्त ऐकू येते, मराठी घरांतही असते. शब्द ओळखला की नाही एवढंच बघा. व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना एकच व वापरणारा मुलगा वाचनात नापास होत नाही; अर्ध्या बेळगावला मग नापास करावं लागेल.

वाचून झाल्यावर उताऱ्यावर चार प्रश्न तोंडी विचारा आणि उत्तर मराठीत किंवा कन्नडात दिलं तरी पूर्ण गुण द्या. याला जुने शिक्षक नाक मुरडतात. पण इथे मोजायचं आहे ते समजलं का, हे. बोलता येतं का, ते पुढे वेगळं मोजणारच आहोत. दोन्ही एकत्र केलं की, समजलेलं पण बोलायला बुजणारं मूल आणि काहीच न समजलेलं मूल एकाच शून्यात जातात, आणि दोघांना लागणारी शिकवणी तर अगदी वेगळी.

उतारा स्वतः लिहावा. मार्कंडेय नदी, बसस्टँड, शनिवारचा बाजार असं ओळखीचं वातावरण घातलं तर मूल दबत नाही. फक्त न वाचता उत्तर देता येईल असा प्रश्न नको. उसाच्या उताऱ्यावर ‘साखर कशापासून होते’ विचारलंत तर चिक्कोडी-रायबागचं पोर डोळे मिटून उत्तर देईल. हे तपासायची सोपी युक्ती अशी: दुसऱ्या तुकडीतल्या दहा मुलांना उतारा न देता नुसते प्रश्न द्या. ज्या प्रश्नाला तीन-चारांपेक्षा जास्त जण बरोबर उत्तर देतील तो काढून टाका.

एका मुलाला पाच मिनिटं धरली तर 40 मुलांना 200 मिनिटं, म्हणजे 40 मिनिटांचे पाच तास. आठवड्याभरात होतं. बाकीच्या वर्गाला तेवढ्या वेळात लेखी काम द्या. वाचन व्हरांड्यात घ्या, पण वाचून झालेल्या मुलाने रांगेतल्यांना उतारा सांगू नये म्हणून सारख्या अवघडपणाचे तीन उतारे फिरवत ठेवा. आणि रोज रोल नंबर एकपासून सुरू करू नका. शेवटच्या मुलांच्या वेळी तुमचा कान थकलेला असतो आणि गुण सैल पडतात.

श्रवणाची चाचणी मोबाईलच्या स्पीकरवर घेऊ नका. जून-जुलैमध्ये खानापूर तालुक्यात पत्र्यावर पाऊस वाजत असतो, मागच्या बाकावर काहीच पोचत नाही, आणि मग तुम्ही मोजता ते बाकांचं अंतर. पावसाची उघडीप बघा किंवा वर्ग दोन भागांत बसवा, आणि मजकूर स्वतः वाचा: दोनदा, नेहमीच्या बोलण्यापेक्षा किंचित सावकाश, पण शब्द तोडून नाही. पहिल्या वाचनात पेन खाली. एका दमात दोनपेक्षा जास्त नव्या गोष्टी सांगू नका, नाहीतर ती स्मरणशक्तीची परीक्षा होते. उत्तर लिहायला न लावता नकाशावर वाट काढणं, चित्रावर खूण करणं असं ठेवलं तर स्पेलिंग आडवं येत नाही.

सूचनांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे सगळ्यात जास्त गुण विनाकारण जातात. प्रश्नाची सूचना इंग्रजीत छापली आणि मुलाला सूचनाच कळली नाही, तर प्रश्न येत असूनही तो कोरा राहतो. सूचना मराठीत छापली तर कन्नड शाळेतून आलेल्या मुलीला ती सावकाश वाचावी लागते. तिचं बोलणं मराठी असलं तरी देवनागरीचा सराव कमी असतो. उपाय एकच: प्रत्येक प्रश्नाचं एक सोडवलेलं उदाहरण छापा आणि सूचना तोंडी मराठीत आणि कन्नडात दोनदा सांगा. स्वतःला कन्नड येत नसेल तर कन्नडच्या सरांना किंवा मॅडमना दहा मिनिटं वर्गावर बोलवा. ‘सर, ह्यात काय करायचं?’ असा प्रश्न तिघांनी विचारला तर तो मुलांचा नाही, पेपर काढणाऱ्याचा दोष.

श्रुतलेखन जुनाट वाटतं, पण त्यातून पाच मिनिटांत पुष्कळ कळतं. पाच वाक्यं, एकेक सहा ते आठ शब्दांचं. प्रत्येक शब्दाला अर्धा गुण, पण नुसती बेरीज करून थांबू नका. चुकांचे दोन ढीग करा. एका ढिगात आवाजाला धरून लिहिलेल्या चुका, म्हणजे सी-एच ऐवजी नुसता के घालून स्कूल लिहिणं. दुसऱ्यात आवाजाशी काहीच संबंध नसलेली अक्षरांची रांग. पहिल्या ढिगातलं मूल वाचायला शिकलेलं आहे, त्याला स्पेलिंगचा सराव पुरे. दुसऱ्या ढिगातल्या मुलाला अक्षर आणि आवाज यांच्यापासून सुरुवात करावी लागते, मग तो आठवीत असो की दहावीत.

व्याकरणाच्या रिकाम्या जागा काढणं सोपं, म्हणून नवे शिक्षक अर्धा पेपर त्यांनीच भरतात. दहा पुरेत. प्रत्येक जागेला एकच उत्तर बसतंय ना, हे दुसऱ्या शिक्षकाकडून सोडवून घेऊन पाहा. खरी माहिती मुलांच्या स्वतःच्या वाक्यांत मिळते. मराठी घरातलं मूल ‘ही गुड बॉय इज’ असं आहे-ला शेवटी ठेवून लिहितं. कन्नडात अशा वाक्याला क्रियापदच लागत नाही, म्हणून तिकडचं मूल ‘ही गुड बॉय’ म्हणून मोकळं होतं. गुण दोघांचेही कापले जातात, पण पहिल्याला शब्दांचा क्रम शिकवायचा आहे आणि दुसऱ्याला मुळात तिथे इज लागतं हे. ‘मला दोन भाऊ आहेत’ वरून आलेलं ‘टू मी टू ब्रदर्स आर’, पंख्याला ही आणि खुर्चीला शी, ‘डिड नॉट वेंट’, ‘व्हेअर यू आर गोइंग’ या चुका एका कागदावर नावांसकट नोंदवत गेलात तर पुढच्या दोन महिन्यांचं व्याकरणाचं नियोजन त्यातच तयार होतं. ए, ॲन, द मराठीतही नाहीत आणि कन्नडातही नाहीत, तेव्हा आठवीच्या पहिल्या चाचणीत त्यांचे गुण कापण्यात हशील नाही.

लेखनाला विषय असा द्या की जो कोणी पाठ करून येऊच शकत नाही. ‘माझा आवडता सण’ दिलात की चाळीस मुलांकडून एकच निबंध येतो. त्याऐवजी: गणपतीला कोल्हापूरहून मामेभाऊ येतोय, बेळगावच्या बसस्टँडवर उतरल्यावर तुमच्या घरी कसं यायचं ते त्याला आठ ओळींत लिहून कळवा. इथे प्रत्येकाचं घर वेगळं, वाट वेगळी. दहा गुणांची वाटणी आधी ठरवा: भाऊ घरी पोचेल का याला 4, वाक्य वाचल्यावर अर्थ लागतो का याला 3, व्याकरणाला 2, स्पेलिंगला 1. अक्षराला शून्य. सुंदर अक्षराच्या पेपरला नकळत गुण वाढतात, म्हणून हे स्वतःला बजावावं लागतं.

तपासताना आधी पाच पेपर दोन शिक्षकांनी वेगवेगळे तपासा आणि मग समोरासमोर ठेवा. दहापैकी दोनपेक्षा जास्त फरक पडला तर वाटणीबद्दल तुमचं एकमत झालेलं नाही. आधी ते मिटवा आणि मग उरलेला गठ्ठा घ्या. नावाची बाजू दुमडून ठेवा. एका मुलाचा अख्खा पेपर न तपासता सगळ्यांचा एकेक प्रश्न तपासत जा, म्हणजे पहिल्या उत्तराची छाप दुसऱ्यावर पडत नाही.

बोलण्याची चाचणी जोडीने घ्या, तीन मिनिटांची. नाव, गाव, बसने येतोस की सायकलने, हे पहिले प्रश्न बिनगुणांचे. घसा मोकळा होण्यापुरते. मग दोघांना थोडा फरक असलेली दोन चित्रं द्या आणि एकमेकांना न दाखवता फरक शोधायला सांगा. तीन गोष्टींना शून्य ते तीन गुण: समोरच्याला कळेल असं बोलतो का, एका शब्दावर न थांबता पुढे नेतो का, विचारलेलं समजतं का. ‘मायसेल्फ अमुक’ ने सुरू होणारा पाठ केलेला परिचय ऐकून खूश होऊ नका, तो मध्येच तोडून साधा प्रश्न टाका. अगदीच गप्प बसणाऱ्याला तिथल्या तिथे शून्य देऊ नका, दोन दिवसांनी मैत्रिणीबरोबर किंवा मित्राबरोबर परत बसवा. कन्नड आणि मराठी मुलांची जोडी लावली तर गंमत होते: आडोशाला दुसरी भाषा कमी पडते आणि इंग्रजी आपोआप बाहेर येतं.

निकाल लागल्यावर लेखी प्रश्नांचीही परीक्षा घ्या. 40 पेपर गुणांच्या क्रमाने लावा. वरचे 13 आणि खालचे 13 वेगळे काढा. एखादा प्रश्न वरच्यांत 11 जणांना आणि खालच्यांत 4 जणांना आला तर तो चांगला, मुलांमधला फरक दाखवतो. दोन्हीकडे 5-6 असेल तर त्याने काही सांगितलं नाही. वरच्यांपेक्षा खालच्यांनाच जास्त आला तर प्रश्नात घोळ आहे, बहुतेक दोन उत्तरं बसतात किंवा शब्दरचना दिशाभूल करणारी आहे. असा प्रश्न रद्द करून सगळ्यांचे गुण पुन्हा मोजा.

पालकांना टक्केवारी सांगू नका. ‘तुमचा मुलगा वाक्य वाचतो, उतारा अडखळत वाचतो, ऐकलेलं चांगलं समजतं’ एवढं मराठीत किंवा कन्नडात, त्यांना जे सोयीचं त्यात सांगा. पुढची फेरी दसऱ्याच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात ठेवा: तेवढ्याच लांबीचा आणि अवघडपणाचा नवा उतारा, तीच गुणांची वाटणी, आणि शक्यतो ऐकणारा शिक्षकही तोच. यापैकी एखादी गोष्ट जरी बदलली तर वाढलेला वेग मुलाचा की सोप्या उताऱ्याचा, हे सांगता येत नाही.