खोडवा राखायचा तर तोडणीनंतरचे पंधरा दिवस सांभाळा

लागणीचा ऊस एकरी ६० टन आणि त्याच रानात खोडवा (तोडणीनंतर राहिलेल्या खुंटांतून पुन्हा फुटलेला ऊस) ३० टन, असं घडतं तेव्हा दोष जमिनीला दिला जातो. खरं तर हा फरक बहुतेक वेळा तोड झाल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात पडलेला असतो. नांगरट, बेणं आणि लागणीची मजुरी वाचते, शिवाय खोडवा लागणीपेक्षा लवकर पक्व होतो. एवढं हातात असताना त्याकडे महिनाभर न फिरकणं परवडणारं नाही.

आधी खोडवा ठेवायचा की नाही ते ठरवा. १५ फेब्रुवारीपर्यंत तुटलेला ऊस चांगला. त्यानंतर ऊन तापतं, फुटवे कमी येतात आणि खोडकीड वाढते. लागणीत गवताळ वाढ किंवा काणी (काळ्या भुकटीचा बुरशीजन्य रोग) बरीच दिसली असेल तर तो प्लॉट ठेवूच नका, कारण रोग बुडख्यातच (जमिनीतल्या खुंटातच) बसलेला असतो आणि खोडव्यात आणखी पसरतो. बेट (एका ठिकाणच्या उसांचा झुपका) हलक्या हाताने उपटून येत असेल तर हुमणीने मुळं खाल्लेली आहेत. तिथे नांगर घालून अळ्या वेचणंच बरं.

पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळू नका. एकरी ३ ते ४ टन पाचट निघतं. ते पेटवलं की नत्र धुरात जातं, वरच्या थरातले जिवाणू मरतात आणि जमिनीलगतच्या डोळ्यांनाही (कोंब जिथून फुटतात त्यांना) आच लागते. पाचट सरीत दाबून बसवा आणि बुडखे मोकळे करा. बुडख्यावर पाचट राहिलं तर कोंब खालीच पिवळे पडून गुदमरतात.

मग बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. हे काम लोक सर्रास टाळतात, आणि नुकसान इथेच होतं. बुडखा चार बोटं वर राहिला तर वरचे डोळे आधी फुटतात. त्या कोंबांची मुळं मातीत नीट उतरत नाहीत, कोंब कमकुवत राहतो आणि पुढे वाऱ्याने लोळतो. जमिनीखालच्या डोळ्यातून आलेला कोंब जाड असतो आणि स्वतःची मुळं धरतो. कोयता बोथट असला तर बुडखा फाटतो आणि चिरेतून बुरशी शिरते. छाटणीनंतर लगेच कार्बेन्डाझिम १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून बुडख्यांवर फवारा.

सरीतल्या पाचटावर एकरी ३२ किलो युरिया आणि ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पसरा. त्यावर पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन ४ किलो, चाळलेल्या शेणखतात मिसळून टाका. संवर्धन रासायनिक खतात कालवू नका. मग पाणी द्या. हा युरिया उसासाठी नाही. पाचट कुजवताना जिवाणू मातीतला नत्र उचलतात आणि तो वेगळा दिला नाही तर ऊस पिवळा पडतो. पाचट ठेवल्यावर बगला (सरीच्या कडा) फोडायची किंवा जारवा (जुनी मुळं) तोडायची गरज राहत नाही.

वाफसा आला (पाणी मुरून जमीन काम करण्याजोगी झाली) की खताचा पहिला हप्ता पहारीने द्या, तोडणीपासून १५ दिवसांच्या आत. हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश हे वर्षाचं माप. त्यातला निम्मा हप्ता एकरी १०९ किलो युरिया, १४४ किलो सुपर फॉस्फेट आणि ३८ किलो म्युरेट ऑफ पोटॅश इतका होतो. बुडख्यापासून चार-पाच इंचावर, अर्धा फूट खोल, फूटभर अंतराने भोकं घ्या. साडेचार फुटी सरीत एका भोकात साधारण ३० ग्रॅम खत बसतं. एकदा वजन करून बाटलीच्या झाकणावर खूण करा, म्हणजे मजुरांच्या मुठीवर अवलंबून राहावं लागणार नाही. भोक मातीने बुजवा. युरिया आणि सुपर एकत्र करून ठेवलं तर ओल धरतं, म्हणून त्या दिवसापुरतंच कालवा. दुसरा तेवढाच हप्ता १३० ते १३५ दिवसांनी, बेटाच्या विरुद्ध बाजूने.

नांगे (ओळीतल्या रिकाम्या जागा) लगेच भरा. दोन फुटांपेक्षा मोठी जागा रिकामी असेल तर त्याच जातीचं ट्रेमधलं रोप लावा. उशिरा लावलेलं रोप शेजारच्या बेटांच्या सावलीत दबतं. साडेचार फुटी सरीत एकराला ९,६८० फूट ओळ भरते. फुटाला ४ ऊस टिकले आणि सरासरी वजन दीड किलो धरलं तर ५८ टन होतात. फुटाला ३ राहिले तर साडेत्रेचाळीस. नांगे मोजण्यात एक सकाळ घालवा, ती वाया जात नाही.

उन्हाळ्यात पोंगा (कोंबाच्या मधली कोवळ्या पानांची सुरळी) वाळलेला दिसला तर ओढून पाहा. सहज निघाला आणि खालच्या टोकाला कुजका वास आला तर ती खोडकीड. असे कोंब जमिनीलगत कापून अळीसकट नष्ट करा. प्रादुर्भाव वाढत असेल तर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार एकरी ७.५ किलो, ओल असताना द्या. पानं पांढरट पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर तो चुनखडीच्या रानातला केवडा आहे. तिथे युरिया वाढवून उपयोग नाही. हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम प्रति लिटर फवारा.

गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे येणारं बेट मुळासकट उपटा. काणीचा चाबूक (शेंड्यातून निघणारा लांब काळा दांडा) दिसला की कोयता आधी घालू नका. धक्क्याने काळी भुकटी वाऱ्यावर उडते आणि पलीकडच्या सऱ्यांपर्यंत जाते. चाबकावर अलगद प्लॅस्टिकची पिशवी चढवून तोंड बांधा, मग कापा, मग बेट खणून काढा आणि दोन्ही रानाबाहेर नेऊन जाळा.