कुत्रं चावलं? आधी नळ गाठा

रावेर-यावलकडं रात्री केळीला पाणी धरायला जाणाऱ्यांनी हे वाचाच. कुत्रं चावलं की तिखट, चुना, हळद काही भरू नका भाऊ, साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम चांगली १५ मिनिटं धुवा, घड्याळ बघून, कारण रेबीजचा (कुत्रं चावून होणाऱ्या जीवघेण्या रोगाचा) विषाणू जखमेतच असतो तोवर साबणानं निकामी होतो, मोटर चालू असंल तर पाइपाखालीच पाय धरा. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लस दंडात खोल टोचली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी (० म्हणजे पहिल्या सुईचा दिवस), कातडीत दिली तर ०, ३, ७, २८. खरी गोची इथंच आहे, दोन सुया झाल्या, जखम सुकली, कापूस वेचणी आली की लोक बुडी मारतात! रक्त आलं असंल तर जखमेत सीरम (विषाणूला लगेच रोखणारं तयार औषध) पण लागतं, ते विचारून घ्या. पोटातल्या १४ सुया कधीच गेल्या, घाबरू नका. लक्षणं दिसल्यावर मात्र इलाज जवळपास नाहीच.

आणि गावातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली की रोगाची साखळी तुटते, लॅटिन अमेरिकेत रेबीजला असंच आटोक्यात आणलं, नुसती कुत्री मारून काही होत नाही.