व्ह्यूज सोडा, सेन्सॉरची तारीख पहा

ऐतिहासिक सिनेमा किती चालेल आणि कोणते पुरस्कार घेईल, यावर लिहायला निघालेल्या पोरापोरींनो, आधी ट्रेलरचे व्ह्यूज मोजणं थांबवा. ते विकतही मिळतात. मार्केटिंगवाल्यांची अक्कल प्रदर्शनाच्या तारखेत दिसते. 'पावनखिंड' १८ फेब्रुवारी २०२२ ला लागला, 'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला. दोघांनीही १९ ची शिवजयंती बरोबर गाठली. नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फ्लेक्स किती लागले ते सोडा, सोमवारच्या दुपारच्या खेळाला किती तिकिटं फाटली ते बुकिंगच्या खिडकीवर विचारा. 'आम्ही वासावरून ओळखतो' म्हणणारे ज्येष्ठ नागपुरातही पुष्कळ आहेत. त्यांना चहा पाजा, पण त्यांचं ऐकून लिहू नका.

आता खरा खड्डा. राष्ट्रीय पुरस्कारांचं वर्ष प्रदर्शनावरून ठरत नाही, सेन्सॉर सर्टिफिकेटच्या तारखेवरून ठरतं. 'मी वसंतराव' घ्या. वसंतराव देशपांडे नागपुरात वाढलेले, म्हणून इथे सगळ्यांनाच त्या सिनेमाचं अप्रूप. तो थेटरात आला १ एप्रिल २०२२ ला. त्याच जुलैत ६८ वे पुरस्कार जाहीर झाले आणि राहुल देशपांडेंना सर्वोत्कृष्ट गायकाचा मिळाला. नवखा माणूस म्हणेल, २०२२ चा सिनेमा, २०२२ चा पुरस्कार. नाही! ते पुरस्कार २०२० चे होते, कारण सिनेमा सेन्सॉर झाला २०२० मध्ये. म्हणजे २०२२ ला प्रदर्शित झालेल्या सिनेमांची यादी करून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधणाऱ्याने हा सिनेमा त्यात घातला असेल, तर यादी तिथेच बाद. पुन्हा सांगतो: प्रदर्शन वेगळं, सेन्सॉर वेगळं, घोषणा वेगळी. तिन्ही तारखा तीन रकान्यांत लिहा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, ज्यांना ठाऊक होतं ते नुसते हसले. आणि निर्मात्याने प्रवेशिकाच पाठवली नसेल, तर सिनेमा कितीही थोर असो, तो शर्यतीत नाही.

ऑस्करचं गणित आणखी निराळं. आंतरराष्ट्रीय विभागासाठी भारतातून एकच सिनेमा जातो. २०२२ ला गुजराती 'छेल्लो शो' गेला, तरी अमेरिकेत प्रदर्शित झालेला 'आरआरआर' इतर विभागांत उतरला आणि २०२३ ला गाण्याचं ऑस्कर घेऊन आला. तेव्हा 'पाठवला नाही, संपलं' असं घाईने लिहू नका.

एवढं वाचून धास्तावू नका. ऐतिहासिक सिनेमाच्या बाबतीत एक जागा बरीच भरवशाची आहे, वेशभूषेची. 'तान्हाजी'ला राष्ट्रीय पुरस्कारांत ती मिळाली, 'सॅम बहादुर'ला वेशभूषेसोबत रंगभूषाही. कोल्हापूरच्या भानू अथय्यांचं 'गांधी'साठीचं ऑस्करही वेशभूषेचंच. अभिनयाचं भाकीत मात्र सुरुवातीला टाळा, ज्यूरी दरवर्षी बदलते.

सेन्सॉरची तारीख शोधायला फार फिरावं लागत नाही. सिनेमाच्या आधी पडद्यावर सर्टिफिकेट येतं, त्यावरच ती असते. वहीत उतरवून घ्या. मोबाईल वर केलात तर डोअरकीपर बाहेर काढेल, आणि त्याचं बरोबरच असेल.