सँ-वेराँ बघायला जाताय?

फ्रान्सच्या आल्प्समधलं सँ-वेराँ २०४० मीटरवर आहे. कळसूबाईच्या माथ्याहूनही जवळजवळ चारशे मीटर वर, आणि तिथे दोनशेच्या आसपास माणसं बारा महिने राहतात. पॅरिसहून ब्रियाँसाँला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने माँदोफाँ-गियेस्त्रला उतरा, पुढे बस. स्वतःची गाडी आणलीत तर ती वेशीवरच ठेवावी लागते. बरंच आहे ते; डोंगराच्या उन्हाकडच्या अंगाला लांबलचक पसरलेलं हे गाव पायीच कळतं.

चालताना घरांच्या रांगेत मध्येच मोकळी जागा लागेल. मला वाटलं, पडलं असेल एखादं घर. तसं नाही. आगीच्या भीतीने वाड्या मुद्दाम अंतर राखून वसवल्यात. भीती कसली, ते मान वर केली की समजतं: खाली दगडी भिंती, वर लार्च या सूचिपर्णी झाडाचे ओंडके रचून केलेला माळा, त्यात पूर्वी गवत नि धान्य ठासून भरलेलं. लाकूड उन्हाने काळं पडलंय. सज्जे शोभेचे नाहीत बरं का. उन्हाळा आखूड, पीक पुरतं पिकण्याआधीच कापावं लागे, मग पेंढ्या तिथे वाळत घालत. खालच्या दगडी खोलीत हिवाळाभर माणसं आणि गुरं एकत्र, उबेसाठी. (रत्नागिरीच्या आजीला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "अगो, मग वास?")

माणसं भेटतील ती लाकडी हौदांपाशी. आधी "बाँझूर" म्हणा, मगच काय ते विचारा; नाहीतर उत्तर मिळतं, पण थंड. चर्चबरोबर प्रोटेस्टंटांचं प्रार्थनाघरही बघा. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने त्यांच्या धर्मावर बंदी घातली, तेव्हा या खोऱ्यातून कितीतरी कुटुंबं पळाली.

आता भिंतींवरची सूर्यघड्याळं. त्यातली काही १९ व्या शतकात झारबुला नावाच्या, इटलीतल्या पिएमाँते प्रांताच्या फिरत्या चित्रकाराने रंगवलीत. मन भरून बघा, पण वेळ त्यावर ठरवू नका. उन्हाळ्यात मनगटावरचं घड्याळ सूर्याच्या दीड तास पुढे असतं: एक तास उन्हाळी वेळेचा, उरलेला अर्धा कारण देशाची वेळच बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर बेतलेली. पहिल्या खेपेला भिंतीवर अकरा वाजलेले बघून मी रमतगमत पाव आणायला गेले. दुकान नुकतंच जेवणासाठी बंद झालं होतं. पिशवीत दोन सफरचंदं होती, त्यांवर भागवलं.